लहान ओढ्यावरचा ट्राउट: गाइडला "कुठे टाकू" याआधी "कुठे उभा राहू" विचारा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते इतरांनाही कळेल. तुम्ही नाशिकचे. गंगापूर धरणावर आणि आसपासच्या तळ्यांवर बरीच वर्षं गळ टाकताय. वर्षभरापासून मैदानावर फ्लाय कास्टिंगचा, म्हणजे पिसं-दोऱ्याचा नकली किडा (फ्लाय) दोरीच्या वजनाने फेकण्याचा, सराव सुरू आहे आणि आता चाळीस फुटांपर्यंत दोरी सरळ पडते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी तीन दिवस जायचंय, पत्नीही सोबत आहेत. विचारलंय ते असं: नऊ फुटी, पाच नंबरचा रॉड चालेल का, कोणते फ्लाय न्यावेत, आणि गाइड तिन्ही दिवस घ्यावा की एकच दिवस पुरे. शेवटी जाता जाता लिहिलंय, की गेल्या ऑक्टोबरात तिथेच एका गाइडबरोबर दिवसभर दहा-बारा डोह फिरलो, एकही मासा लागला नाही, पळताना मात्र पुष्कळ दिसले.

माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. मासे पळताना दिसले म्हणजे ओढ्यात मासे होते, तुम्ही योग्य ठिकाणी होतात, आणि तुमचा फ्लाय पाण्यात पडण्याआधीच त्यांना तुमचा पत्ता लागला होता. यावर नवा रॉड किंवा नवे फ्लाय हा उपाय नाही. मी हंगामात कुल्लू-मंडीकडच्या ओढ्यांवर लोकांना घेऊन जातो, त्यांत मुंबई-पुण्याकडचे बरेच असतात, आणि मैदानावर उत्तम कास्ट करणाऱ्यांचीच इथे सर्वांत जास्त निराशा होते. त्यांना लांब फेकता येतं, म्हणून ते लांबून फेकतात. लहान ओढ्यावर लांबून फेकण्याची गरजच क्वचित पडते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. तीर्थन ही एकच एक नदी म्हणून विचार करू नका. नागिनी, साई रोपा भागातला मुख्य प्रवाह बऱ्यापैकी रुंद आहे. तिथे उभं राहून दोरी मागे सोडायला जागा मिळते. गुशैणीला येऊन मिळणारी फलाचन किंवा त्याहून छोटे नाले मात्र अगदी वेगळे: कुठे दहा फूट रुंदी, दोन्ही बाजूंनी आल्डरच्या फांद्या आणि पायाखाली घरंगळणारे गोटे. तुम्ही कुठे उतरणार, बर्फ त्या वर्षी किती पडला, वळवाचा पाऊस झाला का, यावर माझ्या सल्ल्यातला बराच भाग बदलेल. पण मासा कसा पाहतो आणि तुम्ही त्याच्याजवळ कसे जाता, हा भाग कुठल्याच वर्षी बदलत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ट्राउट तोंड प्रवाहाच्या दिशेला करून, जवळजवळ एकाच जागी उभा असतो. अन्न वरून वाहत येतं, त्याला फक्त डावी-उजवीकडे सरकायचं असतं. त्याच्या शेपटीमागे थोडा भाग त्याला दिसत नाही. म्हणून ओढ्यात खालून वर चढत जायचं, मासा तुमच्या समोर आणि पाठमोरा ठेवायचा. इतकं बहुतेकांना माहीत असतं. पुढचा भाग कमी जणांना माहीत असतो. पाण्याखालून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, कारण पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा तळ दाखवतो. एक फूट खोल असलेल्या माशाची ही खिडकी जेमतेम सव्वादोन फूट रुंद असते, पण तिच्यात काठापासून डोंगरापर्यंतचं सगळं मावतं. क्षितिजाजवळच्या वस्तू खिडकीच्या कडेला इतक्या चेपल्या जातात, की पाण्याच्या पातळीपासून साधारण दहा अंशांच्या खाली जे असेल ते त्याला व्यवहारात दिसतच नाही.

हे दहा अंश फुटांत मोजा, म्हणजे उपयोग कळेल. माशापासून तीस फुटांवर असाल तर पाण्याच्या पातळीपासून सव्वापाच फुटांपर्यंतचं सगळं लपतं. पाण्यात गुडघाभर उभे राहून थोडे वाकलात की झालं. पण तुम्ही दोन-तीन फूट उंच काठावर ताठ उभे असाल, तर तुमचा कमरेपासून वरचा भाग त्याला आकाशाच्या पार्श्वभूमीवर स्पष्ट दिसतो, आणि त्यावर हलणारा रॉड. पंधरा फुटांवर आलात तर लपायला अडीच फूटच उरतात, म्हणजे गुडघे टेकायलाच हवेत. खळाळत्या पाण्यात खिडकी सतत फुटत असते, तिथे याहून पुष्कळ जवळ जाता येतं. संथ, आरशासारख्या डोहात अजिबात सूट मिळत नाही.

आता तुमचे ऑक्टोबरातले डोह आठवून पाहा. त्या महिन्यात पाणी कमी आणि काचेसारखं असतं. लहान मासे बहुतेक डोहाच्या खालच्या कडेला असतात, जिथे पाणी उथळ होऊन पुढच्या उतारावर पडतं. मोठा मासा वरच्या तोंडाशी किंवा मोठ्या दगडाच्या आडोशाला असतो. तुम्ही काठावरून डोहाच्या मध्यावर नेम धरलात. खालच्या कडेचे लहान मासे तुम्हाला बघून वरच्या दिशेने सुटले, आणि ते सुटताना बघून मोठाही दगडाखाली गेला. त्यानंतर चाळीस फूट लांब कितीही सुंदर दोरी टाकली तरी डोह रिकामाच. थोडा वेळ विसावा मिळाल्याशिवाय तो डोह पुन्हा उघडत नाही. दहा-बारा डोहांवर हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. सूर्य पाठीमागे असेल तर तुमची सावली तुमच्याही आधी पोचते, हेही लक्षात ठेवा. आणि गोट्यांवर जोरात पाऊल पडलं की त्याचा थरथराट पाण्यातून माशाच्या अंगावरच्या संवेदना-रेषेला कळतो. बोलणं चालतं, पाय आपटणं चालत नाही.

हे मासे इतके सावध का, असं लोक विचारतात. तीर्थनमधला ब्राउन ट्राउट मूळचा युरोपातला. काश्मीरमध्ये १९०० साली त्याची अंडी यशस्वीपणे पोचली, पुढे १९०९ च्या सुमारास कुल्लूत त्याची पैदास सुरू झाली. आता तो इथल्या थंड ओढ्यांत आपणहून अंडी घालतो आणि वाढतो. लहानपणापासून वरून झडप घालणारे पक्षी, काठावरून डोकावणारी माणसं आणि गळ असलंच सगळं बघून तो मोठा होतो. रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेतल्या पश्चिम किनाऱ्याकडचा, तो मुख्यतः मत्स्यशेतीतल्या टाक्यांत पाळतात, आणि हॉटेलात ताटात येतो तो बहुधा तोच. खायचा असेल तर मत्स्यशेतीतला खा. ओढ्यातला ब्राउन परत सोडा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. शिवाय याच पाण्यात मूळचा हिमालयाचा 'असला' नावाचा मासा आहे. त्याला स्नो ट्राउट म्हणत असले तरी तो आपल्या महसीरच्या कुळातला, कार्प वर्गातला. आपण आणलेल्या ब्राउनमुळे त्याच्यावर आधीच ताण आहे. तो गळाला लागला तर जपून, पाण्यातल्या पाण्यात सोडा.

आता गाइडकडे येतो, कारण पैसे तिथे खर्च होणार आहेत.

बहुतेक पाहुणे गाइडला दिवसभर एकच विचारतात: कुठे टाकू? गाइड बोट दाखवतो, पाहुणा टाकतो, मासा पळतो, दोघे पुढच्या डोहावर जातात. गाइडला वाटतं पाहुण्याला जास्तीत जास्त जागा दाखवाव्यात, पाहुण्याला वाटतं पैसे वसूल होताहेत. माझा सल्ला आहे की पहिल्याच डोहाआधी त्याला स्पष्ट सांगा: "भाईजी, आज मछली कम मिले तो चलेगा, मुझे ये बताइए कि खड़ा कहाँ रहूँ।" हे ऐकून चांगल्या गाइडचा चेहरा खुलतो. तो तुम्हाला डोहाच्या कितीतरी खाली थांबवेल, कदाचित पाण्याबाहेर काढून झाडीतून फिरवून आणेल, एखाद्या दगडामागे बसवेल. हेच त्याचं खरं ज्ञान आहे. कोणता फ्लाय चालेल हे कुठूनही कळतं. कोणत्या दगडामागे गुडघे टेकले की वरचा मासा दिसतो आणि त्याला आपण दिसत नाही, हे त्या ओढ्यावर लहानपण गेलेल्यालाच कळतं.

दुसरी गोष्ट. पहिल्या डोहावर रॉड त्याच्या हातात द्या आणि तुम्ही त्याचे पाय बघा. फ्लायकडे बघू नका. तो कुठे थांबला, कधी वाकला, पाऊल टाकण्याआधी पाण्याकडे किती वेळ बघत राहिला, कोणतं पाणी त्याने न टाकताच सोडलं. बरेच गाइड पाहुण्यासमोर स्वतः मासे धरायला संकोचतात, पाहुण्याचा मासा आपण घेतला असं त्यांना वाटतं. म्हणून तुम्हीच मोकळेपणाने सांगायला हवं, "पहले आप करके दिखाइए।" माझ्याबरोबर येणाऱ्या नवख्यांना मी सुरुवातीचा अर्धा तास रॉड न देता काठावर बसवतो. बहुतेकांना तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, आणि दुपारी तेच सांगतात की पाणी आता वेगळं दिसतंय.

बसून काय बघायचं? वेगाने वाहणाऱ्या आणि संथ पाण्याच्या मधे एक रेघ दिसते, फेस त्या रेघेवरून वाहतो. फेस जिथून जातो तिथूनच अन्नही जातं. मासा संथ बाजूला, त्या रेघेच्या अगदी कडेला असतो, कारण तिथे ताकद कमी लागते आणि ताट समोरून वाहत येतं. मोठ्या दगडाच्या मागे निवांत पाणी असतं हे सगळे बघतात, पण दगडाच्या पुढे, पाणी आदळण्याआधी, एक गादीसारखी मऊ जागा असते आणि तिथे चांगला मासा असतो, हे फार कमी जण बघतात. काठाखाली पाण्याने कोरलेल्या कपारी, वर लोंबणारी फांदी, एवढ्याशा खोलीचा पण सावलीतला पट्टा, ही सगळी राहण्याची ठिकाणं. डोहाचा मध्य बहुतेक वेळा सर्वांत ओस असतो.

मग तिन्ही दिवस गाइड घ्यावा का? पैशांचा प्रश्न नसेल आणि डोंगरातल्या पाण्यात उतरायची सवय नसेल तर तिन्ही दिवस घ्या, यावर वाद नाही. सवय असेल, तर मी पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी घ्यायला सांगतो. पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर एकच पट्टा सावकाश करा, दोन-अडीच किलोमीटरही पुरतात. दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यातला रस्त्याजवळचा, सोपा भाग तुम्ही स्वतः करा. तेव्हा काय समजलं नाही ते समजेल. हा मासा का पळाला, फ्लाय नेहमी याच दगडाजवळ का घसरतो, असे खरे प्रश्न दुसऱ्या दिवशी तयार होतात, आणि तिसऱ्या दिवशी गाइडकडे ते घेऊन जाता येतं. लागोपाठ दोन दिवस गाइडबरोबर आणि मग एक दिवस एकटं, यापेक्षा या क्रमाने माणूस जास्त शिकतो, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलं आहे. फक्त दुसऱ्या दिवशी एकट्याने पाणी ओलांडायचं नाही, काठाने जेवढं करता येईल तेवढंच, आणि पत्नी किंवा आणखी कुणी हाकेच्या अंतरावर हवं.

गाइड ठरवताना फोनवर चार गोष्टी विचारून घ्या. एका वेळी किती रॉड घेता? एका गाइडमागे एक रॉड उत्तम. दोन असतील तर एक-एक डोह आळीपाळीने, एका डोहावर दोघे कधीच नाहीत. फ्लायने करवता की स्पूनने, म्हणजे चमच्यासारख्या धातूच्या चकतीने? या भागात स्पिनिंग रॉड आणि स्पून हेच जास्त चालतं आणि ती मंडळी त्यात तरबेज असतात, पण तुम्हाला फ्लाय शिकायचा असेल तर तो टाकणाराच माणूस हवा. परवाना माझ्या नावाचा काढून देणार का? आणि त्या पट्ट्यात आदल्या दिवशी कुणी मासेमारी केली आहे का, हे तुम्हाला माहीत असतं का? या शेवटच्या प्रश्नाला जो नीट उत्तर देतो, तो नदीवर रोज असतो असं समजा. २०२३ च्या जुलैमधल्या पुराने ब्यास खोऱ्यात कितीतरी ठिकाणी पात्रं बदलली. जुन्या आठवणींवर डोह सांगणारा आणि या हंगामात पाण्यात उतरलेला, यांत फार फरक पडतो.

गाइडचा आणखी एक उपयोग आहे, तो पैशांत मोजता येत नाही. ओढ्याचा काठ म्हणजे कुणाचं तरी शेत, कुणाची तरी सफरचंदाची बाग. तिथून जाताना कुणाला विचारायचं, कुठलं फाटक पुन्हा लावायचं, हे तो जाणतो. काही डोह देवतेचे असतात, तिथे गळ टाकत नाहीत. जोगिंदरनगरजवळ मच्छियालला असे देवाचे मासे आहेत. आपल्याकडे महाडजवळ वाळणकोंडीत वरदायिनीच्या नावाने महसीर राखले आहेत, तसंच हे. तीर्थनवर वीजप्रकल्प येऊ नयेत म्हणून माजी आमदार दिलेराम शबाब आणि खोऱ्यातल्या गावांनी मोठा लढा दिला, त्यामुळे ही नदी आज मोकळी वाहते. आपण पाहुणे म्हणून ज्या पाण्यात उतरतो ते कुणीतरी राखलेलं आहे, हे मनात असावं.

हाच मुद्दा सुरक्षिततेकडे नेतो. तीर्थन मोकळी असली तरी खाली लारजीला ती सैंजबरोबर ब्यासला मिळते आणि तिथे धरण आहे. २०१४ च्या जूनमध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात ब्यासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. धरणाखालच्या पात्रात गळ टाकायला उतरू नका, कुणी कितीही चांगला मासा दाखवला तरी. मोकळ्या नदीतही वर ढग काळे झाले, पाणी गढूळ व्हायला लागलं, पानं-काड्या वाहून येऊ लागल्या, तर त्याच क्षणी बाहेर. गोट्यांवर शेवाळ असतं, हातात काठी हवी. मांडीपेक्षा खोल पाण्यात शिरायचं कारण लहान ओढ्यावर येतच नाही.

आता तुमचा रॉड. मुख्य तीर्थनवर नऊ फुटी पाच नंबरचा रॉड व्यवस्थित चालेल. नवा घेऊ नका. उलट लांब रॉडचा तिथे एक फायदा आहे. ओढ्यात एकाच रुंदीत तीन-चार वेगवेगळ्या वेगांचं पाणी असतं. दोरी त्या सगळ्यांवर पडली की ती वाकते आणि फ्लायला ओढते. फ्लाय पाण्याबरोबर वाहायच्या ऐवजी आडवा सरकतो, आणि ब्राउन अशा फ्लायला तोंड लावत नाही. यावर साधा उपाय: खूप जवळ जा, रॉड उंच धरा, दोरी पाण्याला लागूच देऊ नका, फक्त लीडरचं (दोरीच्या टोकाला जोडलेल्या पारदर्शक, निमुळत्या धाग्याचं) टोक आणि फ्लाय पाण्यावर. नऊ फुटी रॉडने पंधरा-अठरा फुटांवर हे छान जमतं. फलाचनसारख्या झाडीतल्या नाल्यात मात्र तोच रॉड फांद्यांत अडकत राहील. तिथे सात-साडेसात फुटी, तीन किंवा चार नंबरचा हवा. एखाद्या दिवसासाठी गाइडकडे आहे का विचारा.

एक तांत्रिक बाब सांगायलाच हवी. रॉडवरचा नंबर दोरीच्या पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून ठरतो. ओढ्यावर तुमची दोरी बाहेर असते दहा-बारा फूट. एवढ्याशा वजनाने रॉड वाकतच नाही आणि कास्ट मेल्यासारखा पडतो. म्हणून पाच नंबरच्या रॉडवर सहा नंबरची दोरी चढवली तर जवळचे कास्ट एकदम सोपे होतात. लीडर साडेसात फुटी, त्याच्या टोकाचा बारीक धागा, म्हणजे टिपेट, फाइव्ह एक्स जाडीचा. यापेक्षा बारीक टिपेट तीर्थनच्या दगडांत उगाच तुटतो.

सरावही बदला. मैदानावर चाळीस फूट पुरे झाले. आता गुडघ्यांवर बसून पंधरा फुटांवर ठेवलेल्या ताटलीत फ्लाय पाडायचा, उजव्या खांद्यावरून, मग डाव्या खांद्यावरून, मग रॉड जमिनीला समांतर ठेवून बाजूने. मागे एखादं कुंपण असू द्या, म्हणजे मागे जागा नाही ही सवय लागेल. रोल कास्टला, म्हणजे दोरी मागे न सोडता पुढेच उलगडत टाकायच्या कास्टला, पाणी लागतं, तो गंगापूरच्या काठावर करा. फ्लाय दोन बोटांत धरून, रॉड धनुष्यासारखा वाकवून सोडून देण्याचा कास्टही शिका. झाडीत तोच एक चालतो. त्यात गळ बोटात जाऊ नये म्हणून फ्लाय गळाच्या वाकणापाशी धरा, टोक मोकळं ठेवा.

फ्लायबद्दल मी मुद्दाम थोडकं लिहितो. वेगवान पाण्यात माशाला विचार करायला क्षणभरच मिळतो, म्हणून नेमक्या किड्याची हुबेहूब नक्कल लागत नाही. आकार साधारण जुळावा आणि फ्लाय पाण्याबरोबर मोकळा वाहावा. वर तरंगणाऱ्यांत अॅडम्स, एल्क हेअर कॅडिस, आणि खळाळात ठळक दिसावा म्हणून रॉयल वुल्फ. बुडणाऱ्यांत फेझंट टेल आणि हेअर्स इअर, काही मणी लावलेले. १४ आणि १६ नंबरचे, प्रत्येकी चार-पाच. मेमध्ये बर्फाचं पाणी असेल तर वर एक तरंगता फ्लाय आणि त्याच्या गळाला फूट-दीड फूट टिपेटने बांधलेला बुडता फ्लाय, ही जोडी सर्वांत उपयोगी. वरचा थबकला की उचला. सगळ्या गळांचे बार्ब, म्हणजे ती मागे वळलेली अणी, घरूनच पकडीने दाबून आणा. मासा लवकर सुटतो आणि तुमच्या कानातून गळ काढणंही सोपं जातं. मासा धरण्याआधी हात ओले करा, फोटोसाठी पाण्याबाहेर काढलात तर दोन-तीन सेकंदांत परत पाण्यात.

वेळेचं बोलायचं तर मेमध्ये पाणी रात्रभर उतरतं आणि दुपारनंतर वरचा बर्फ वितळून वाढतं, कधी दुधाळ होतं. म्हणून सकाळ तुमची. पण अगदी पहाटे पाणी फार थंड असतं, किडे हलत नाहीत. ऊन पाण्यावर आल्यापासून साधारण अकरापर्यंतचे तास चांगले, मग संध्याकाळी पाणी स्वच्छ राहिलं तर शेवटचा एक तास. थर्मामीटर जवळ ठेवा. दहा ते सोळा अंश सेल्सिअसला मासा खातो. वीसच्या वर पाणी गेलं तर मासेमारी थांबवा, दमलेला मासा सोडला तरी जगत नाही. खालच्या भागात मेअखेरीस दुपारी हे बघावं लागतं.

पत्नी सोबत आहेत, पण त्या मासे धरतात की नाही हे तुम्ही लिहिलं नाहीत. त्यांना रस असेल तर गाइडला आधी सांगा आणि दोघांत एकच रॉड घ्या, एक जण डोह करतो तेव्हा दुसऱ्याने वरच्या उंच काठावरून, झाडाआड बसून मासा बघत राहायचं. मासा फ्लायकडे वळला, बघून परत गेला, की कास्ट करणाऱ्याला न दिसणारं हे सगळं वरून दिसतं. रस नसेल तर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या फाटकापर्यंतची वाट फार सुंदर आहे, तो दिवस त्यांचा.

राहिला परवाना. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात मत्स्य विभागाचा परवाना लागतो, आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते, कारण ब्राउन त्या थंडीत अंडी घालतो. मेमध्ये तुम्हाला अडचण नाही. परवान्यावर किती मासे, किती लांबीपासूनचे, कोणतं साधन चालतं हे छापलेलं असतं, तो कागद खिशात ठेवा आणि वाचून ठेवा. तारखा अजून पक्क्या नसतील तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात या, बर्फाचं पाणी वाढायच्या आधी. नाहीतर सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरल्यावर. मनालीच्या बसने औटला बोगद्यापाशी उतरायचं, तिथून बंजारला गाडी मिळते. गाइडला औटवरूनच फोन करून आज पाणी कसं आहे ते विचारा, आणि गढूळ असेल तर पहिला दिवस वरच्या एखाद्या नाल्यावर काढायची तयारी ठेवा.